चार वेळा एम.ए.

गोदाबाईंनी आयुष्यात नाव घेण्यासारखी एकही परीक्षा पास केली नव्हती, आणि तरीही नऊ वर्षं त्या चेन्नईच्या एका विद्यापीठात दर सहा महिन्यांनी परीक्षेला बसत होत्या. पेपर दुसऱ्यांचे, हात त्यांचा. दृष्टिहीन मुलं उत्तर सांगत आणि गोदाबाई ते लिहून घेत. हे काम करणाऱ्याला लेखनिक म्हणतात. काम दिसायला सोपं. पण ज्याला दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नाही, त्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

त्या तंजावरच्या. तीनशे वर्षांपूर्वी तिकडे जाऊन राहिलेल्या मराठी घरांपैकी एका घरातल्या. शाळेत हुशार होत्या. पंधराव्या वर्षी, फिफ्थ फॉर्मात, म्हणजे आजच्या दहावीत असताना, भीमसेनरावांचं स्थळ आलं आणि एका आठवड्यात सगळं ठरलं. हेडमिस्ट्रेसनं दाखल्यावर लिहिलं, 'शिक्षण थांबवले. कारण: विवाह.' लग्नाच्या गडबडीत तो दाखला कोणी वाचलाही नाही. गोदाबाईंनी तेवढा जपून ठेवला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

भीमसेनराव पुढे चेन्नईजवळच्या आवडी या गावी संरक्षण कारखान्यात स्टोअरकीपर झाले. माणूस चांगला, पण साखर अंगात मुरलेली. शेवटची सहा वर्षं डोळे गेलेले. सकाळचा इंग्रजी पेपर वाचल्याशिवाय त्यांच्या घशाखाली कॉफी उतरत नसे, म्हणून गोदाबाई वाचू लागल्या. आधी अडखळत, मग सरळ, मग बाजारभावापासून अग्रलेखापर्यंत सगळंच. चुकलं की भीमसेनराव थांबवत, शब्दाचा अर्थ सांगत, पुढे जा म्हणत. त्या बाईचं कॉलेज म्हणायचं तर ते स्वयंपाकघराच्या दारातल्या त्या दोन खुर्च्या.

सत्त्याण्णव साली भीमसेनराव गेले. घर गप्प झालं. मूलबाळ नव्हतं. दिवसभर तोंड उघडायचं कारण उरलं नाही, आणि जिला मोठ्यानं वाचायची सवय लागली आहे तिला गप्प बसणं म्हणजे शिक्षाच. अशातच पेपरात चार ओळींची जाहिरात दिसली: दृष्टिहीन विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून दाखवायला माणसं हवीत, मोबदला नाही. गोदाबाईंनी ती जाहिरात स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी आवडीहून गाडीत बसल्या.

विद्यापीठाच्या ग्रंथालयामागे एक लांबट खोली होती, तिथं वाचन चाले. गोदाबाईंचं वाचन म्हणजे वाचनच. स्वल्पविराम ऐकू येई. तळटीप आली की 'खाली बारीक अक्षरांत आहे' म्हणून तीही वाचत. नकाशा आला की आधी उत्तर दिशा कुठं ते सांगत, मग नद्या, मग गावं. कंटाळा आला म्हणून पान उलटलं, असं कधी झालं नाही. मुलं त्यांना अम्मा म्हणू लागली.

वर्षभरानं परीक्षेच्या वेळी लेखनिक मिळेना, तेव्हा परीक्षा विभागातल्या राजगोपाल नावाच्या अधिकाऱ्यानं त्यांना बोलावलं. नियम असा होता, आणि तो बरोबरच होता, की लेखनिक उमेदवारापेक्षा कमी शिकलेला हवा आणि त्या विषयाचा जाणकार नसावा. नाहीतर परीक्षा कोणाची झाली म्हणायची?

"शिक्षण किती, अम्मा?" राजगोपालनं तमिळमध्ये विचारलं.

"फिफ्थ फॉर्म. तोही पुरा नाही."

"उत्तम," तो म्हणाला, आणि त्यानं फॉर्मवर शिक्का मारला.

घरी जाताना गोदाबाईंना हसू आलं आणि जरा लागलंही. त्यांच्या अडाणीपणाला उत्तम म्हणणारा माणूस आयुष्यात प्रथमच भेटला होता.

पहिला विद्यार्थी गिरिधर. एम.ए. इतिहासाचा. पहिल्याच पेपरात त्यानं प्लासीच्या लढाईचं साल सतराशे चौसष्ट सांगितलं. ते साल बक्सारचं. गोदाबाईंनी ते प्रकरण त्याला स्वतः दोनदा वाचून दाखवलं होतं, सत्तावन्न हा आकडा त्यांच्या जिभेच्या टोकावर होता. पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी चौसष्ट लिहिलं. त्या दिवशी घरी येऊन त्या जेवल्या नाहीत. चूक लिहिली म्हणून नाही. पेन थांबलं म्हणून. थांबलेलं पेनही काहीतरी सांगतंच की! पुढच्या पेपरापासून त्यांनी पेनाला थांबू दिलं नाही. मुलगा बरोबर सांगो की चूक, अक्षर एकाच चालीनं पुढे जाई. हात माझा, अक्कल तुझी, असं त्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाकत.

गिरिधर पास झाला, बँकेत लागला. आधीच्यांच्या नोट्स आणि कॅसेट्स तयार मिळतात म्हणून त्याच्यामागून आलेल्या मुलांनीही इतिहासच घेतला. नऊ वर्षांत चार जणांची एम.ए. गोदाबाईंच्या आवाजातून गेली. चार वेळा तीच पुस्तकं, तीच राज्यं, तेच तह. दगडावर रोज पाणी पडलं तर खड्डा पडतो, आणि हे तर एका हुशार बाईचं डोकं होतं. गाडीत बसून त्या मनातल्या मनात प्रश्नपत्रिका सोडवत. उत्तरं पुरी होत, आवडी येई. मार्क द्यायला कोणी नव्हतं. कोणीतरी एकदा, एकदाच, आपल्याला विचारावं आणि आपण सांगावं, एवढी एक इच्छा त्यांच्या मनात घर करून बसली होती. ती त्यांनी कोणाला बोलून दाखवली नाही. त्रेसष्टाव्या वर्षी असलं काही बोलायची लाज वाटते.

स्वरदा आली ती दोन हजार सहाच्या पावसाळ्यानंतर. पुण्याची मुलगी, नुंगंबाक्कमला एका सॉफ्टवेअर कंपनीत. कंपनी आपल्या माणसांना शनिवारी समाजसेवेला पाठवी, त्यात ती या खोलीत येऊन पडली. इथं आपल्याशी मराठी बोलणारी एक म्हातारी बाई भेटेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. गोदाबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि पहिलाच प्रश्न टाकला:

"तूं काय वाचलीस गे?"

स्वरदाची रिक्षा वाटेत बसखाली जाता जाता राहिली होती. ती म्हणाली, "हो ना मावशी, थोडक्यात वाचले! तुम्हाला कसं कळलं?"

गोदाबाई बघतच राहिल्या. मग खोलीभर हसणं झालं. तमिळमध्ये वाचणं आणि शिकणं यांना एकच शब्द, आणि तंजावरच्या मराठीनं तीनशे वर्षांत तो मुरवून घेतलेला. काय वाचलीस म्हणजे काय शिकलीस. स्वरदाला गंमत वाटली. त्या दिवसापासून तिनं एक वही केली आणि ती मावशींचे शब्द टिपायला लागली. पहिल्या पानावर पहिली ओळ: वाचणें म्हणजे शिकणें. ऑफिसातल्या मराठी मंडळींना ती हे शब्द ऐकवी आणि जरा भाव खाई.

दोन हजार सातच्या डिसेंबरात कंपनीनं आणि विद्यापीठानं मिळून कॅम्पसवर 'विविधता आणि समावेश सप्ताह' भरवला. आता, हेतूला नावं ठेवू नयेत. पण सभागृहाच्या पायऱ्यांवर त्या आठवड्यापुरता प्लायवुडचा उतार ठोकला होता, आणि जेवण ठेवलं होतं पहिल्या मजल्यावर. डोळस मुलामुलींच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना वीस पावलं चालवत होते. पट्टी सोडली की टाळ्या. कीर्तना ही गोदाबाईंची चौथी विद्यार्थिनी, जन्मापासून दृष्टी नसलेली. तिला कोणीतरी विचारलं, "तुम्हाला पट्टी हवी का?" ती म्हणाली, "नको, मी घरून घालून आले."

समारोपाला गोदाबाईंचा सत्कार ठरला. मानपत्राचा मजकूर लिहायचं काम स्वरदाकडे आलं, कारण मावशी तिच्या. शनिवारी वाचन संपल्यावर तिनं विचारलं, "मावशी, तुमचं शिक्षण काय लिहू?"

गोदाबाई पिशवी भरत होत्या. इतक्या लोकांपुढे फिफ्थ फॉर्म सांगायचं त्यांच्या जिवावर आलं. 'कण्णा' या लाडाच्या तमिळ शब्दानं त्यांनी विषय टोलवला. "माझें काय गे, कण्णा. एम्मे हिस्टरी मात्र मीं चार वेळां वाचलें."

त्यांच्या बोलण्याचा अर्थ सरळ होता. चार मुलांना ती पुस्तकं वाचून दाखवली. पण स्वरदा आता नवखी राहिली नव्हती ना! वाचणें म्हणजे शिकणें, हे तिच्या वहीत पहिल्याच ओळीत होतं. तिला वाटलं, मावशी चार वेळा एम.ए.ला बसल्या आणि चौथ्यांदा पास झाल्या. या वयाच्या बाईची केवढी ही जिद्द! तिचे डोळे भरून आले. चार वेळा हा तपशील तिनं मावशींना कमीपणा नको म्हणून गाळला आणि मानपत्रात लिहिलं: एम.ए., इतिहास. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच. आणि गंमत अशी की हळद लागली दुसरीलाच.

समारोपाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. इतिहास विभागाच्या प्रमुख त्रिपुरसुंदरी यांनी गोदाबाईंच्या खांद्यांवर जरीची शाल घातली. निवेदिका इंग्रजीत मानपत्र वाचू लागली. इतिहासात एम.ए. असूनही नऊ वर्षं निरपेक्षपणे, असं काहीसं. गोदाबाईंना इंग्रजी चांगलं कळत होतं. शब्द कानांवर पडला तेव्हा त्यांचा एक हात माईककडे निघालासुद्धा. टाळ्या वाजल्या. हात शालीपाशी थांबला.

त्यांना बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. पन्नास वर्षांनी कोणीतरी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हटलं होतं की ही बाई शिकलेली आहे. खोटं होतं, पण किती थोडं खोटं! एक मिनिटभर, टाळ्या संपेपर्यंत, त्यांनी ते अंगावर राहू दिलं. मग निवेदिका पुढच्या नावाकडे वळली आणि माईक हातचा गेला.

तिसऱ्या रांगेत राजगोपाल बसला होता.

तो वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. गेल्या वर्षी एका मुलानं खोटा लेखनिक बसवला होता आणि ते निस्तरताना राजगोपालची नोकरी जाता जाता राहिली होती. मंगळवारी त्याचं पत्र आलं. कीर्तनाचा नोव्हेंबरच्या परीक्षेचा निकाल रोखला आहे. लेखनिक त्याच विषयात एम.ए. असल्याचं छापील मानपत्रावरून दिसतं. चौकशीत तसं सिद्ध झालं तर तिन्ही सत्रांचे गुण रद्द होतील.

कीर्तनाचे वडील इरुंगाट्टुकोट्टैला मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामगार होते. भाऊबंदांशी भांडून त्यांनी या मुलीला होस्टेलवर ठेवलं होतं. गावाजवळच्या एका शाळेनं शब्द दिला होता की जूनपर्यंत एम.ए. झालीस तर इतिहास शिकवायला ये. गुण रद्द झाले असते तर पुन्हा दोन वर्षांची फी आणि होस्टेल त्यांना झेपणारं नव्हतं. कीर्तनानं पत्र वाचून घेतलं आणि विचारलं, "अम्मा, तुम्ही खरंच एम.ए. आहात?" रागानं नाही. तिला खरंच माहीत नव्हतं. इतकं सगळं ज्या बाईला येतं ती शिकलेली नाही, हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

"नाही ग," गोदाबाई म्हणाल्या. "शाळाही पुरी नाही."

स्वरदा वही घेऊन धावत आली, रडून रडून चेहरा सुजलेला. पहिल्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "मावशी, माझं चुकलं. मी स्वतःला फार शहाणी समजले."

"चूक तुझी नव्हे," गोदाबाई म्हणाल्या. "तूं कागदावर लिहिलीस, तें पुसतां येतें. मीं माईकापाशीं गप्प राहिलें. तें कसें पुसूं?"

स्वरदानं झाली चूक पत्रानं कळवली, शब्दाचा सगळा घोळ समजावून. पण राजगोपालचंही बरोबर होतं. गुण वाचवण्यासाठी असं पत्र कोणीही लिहील. पुरावा काय? शिकल्याचे दाखले जगात ढिगानं मिळतात, खोटेसुद्धा मिळतात. न शिकल्याचा दाखला कुठून आणायचा? गोदाबाईंनी ट्रंक उघडली, तळाचा तो पिवळा कागद काढला आणि पोंगल झाल्यावर चौकशीच्या दिवशी पिशवीत घालून निघाल्या.

खोलीत तिघे होते. मध्ये त्रिपुरसुंदरी, डावीकडे राजगोपाल, उजवीकडे एक उपकुलसचिव, जे शेवटपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत आणि दोन वेळा कॉफी प्यायले. कीर्तना आणि स्वरदा बाहेर बाकावर.

राजगोपालनं दाखला उलटून पालटून पाहिला. "हा साठ सालचा आहे, अम्मा. नंतर पोस्टानं शिकता येत होतं. कितीतरी जण शिकले."

"मी नाही शिकले, सार."

"मग त्या दिवशी स्टेजवर गप्प का बसलात? इंग्रजी कळलं नाही?"

एवढी सोपी वाट त्यानं स्वतःहून दाखवली होती. हो म्हटलं असतं तर भागलं असतं. पण गोदाबाईंना भीमसेनरावांची खुर्ची आठवली आणि इंग्रजी कळलं नाही असं म्हणवेना.

"कळलं, सार," त्या म्हणाल्या. "ऐकायला बरं वाटलं."

राजगोपालनं मान खाली घातली आणि दाखल्याची घडी नीट घालून परत दिली. त्रिपुरसुंदरींनी चष्मा काढून पुसला. त्या बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज मऊ होता.

"माझा तुमच्यावर विश्वास आहे, अम्मा. फक्त एक गोष्ट मला समजत नाही, ती तेवढी सांगा." त्यांनी उत्तरपत्रिका पुढे ओढली. गोदाबाईंच्याच अक्षरातली. "तंजावरच्या मराठी राज्यावरचा प्रश्न. या पेपरातलं सगळ्यात चांगलं उत्तर. दफ्तर मोडी लिपीत ठेवत, एवढं आमच्या पुस्तकात आहे. पण इथं पुढे लिहिलंय की आधी एक आडवी रेघ ओढत आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरामागून अक्षर लिहीत जात. हे पुस्तकात नाही. आणि ही मुलगी जन्मापासून पाहू शकत नाही. लिहिताना हात उचलतात की नाही, हे तिला कसं कळलं?"

राजगोपालनं पेन हातात घेतलं.

"मी कधी वर्गात बोलताना सांगितलं असेल," त्रिपुरसुंदरी म्हणाल्या. "मी बरंच काही सांगते, सगळं लक्षात राहत नाही. तसं असेल तर हे उत्तर तिचं, आणि प्रश्नच मिटला. पण लिपीची माहिती तुम्हाला असेल, तर मला विचार करावा लागेल. म्हणून विचारते. मोडी म्हणजे काय, ठाऊक आहे तुम्हाला?"

गोदाबाईंचे वडील रविकांतराव तंजावरात मोडी कागद वाचून देण्याचं काम करत. जुन्या जमिनी, जुनी दानपत्रं, देवळांचे वाद. गावोगावची माणसं रुमालात बांधून कागद घेऊन येत आणि अप्पा ओसरीवर बसून ते वाचत. गोदाबाई पाच वर्षांच्या असताना अप्पांनी ताटात तांदूळ पसरले, त्यांचं बोट आपल्या मुठीत धरलं आणि आधी रेघ ओढायला लावली. "हात उचलायचा नाहीं," अप्पा म्हणत, "हात उचलला कीं अक्षर तुटतें." दोन भाऊ होते, त्यांना यात गोडी नव्हती. गोदेला येत होतं. लग्न ठरलं तेव्हा शाळा सुटली त्याचं अप्पांना वाईट वाटलं की नाही, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण निरोप देताना म्हणाले, "मोडी विसरूं नको. माझ्यामागें तूंच." अप्पा गेले, भाऊ गेले. त्या घरातलं मोडी वाचणारं माणूस आता ही एकच बाई होती.

ऑगस्टमध्ये वाचता वाचता तो शब्द पुस्तकात आला तेव्हा गोदाबाई थांबल्या होत्या. तेवढं एकदाच. कीर्तनाचा तळवा घेऊन त्यावर बोटानं त्यांनी रेघ ओढली होती आणि हात न उचलता तिचं नाव लिहिलं होतं. त्यात नियम मोडला नव्हता, परीक्षा तीन महिने दूर होती. मग नोव्हेंबरात, परीक्षेच्या खोलीत, कीर्तना स्वतःच्या मनानं ते वाक्य बोलली. ऐकून गोदाबाईंचं काळीज हललं, पण पेन एकाच चालीनं पुढे गेलं होतं. उत्तर कीर्तनाचंच होतं. शब्दन् शब्द तिचा. आणि हे खरं ठरवायचं असेल तर आता खोटं बोलायला हवं होतं.

नऊ वर्षं ज्या प्रश्नाची त्यांनी गाडीत बसून वाट पाहिली तो प्रश्न समोर आला होता. विचारणारी इतिहासाची प्राध्यापक. उत्तर त्यांच्याइतकं चांगलं त्या खोलीतच काय, सगळ्या विद्यापीठात कोणाला देता आलं नसतं.

"तेरियादु, अम्मा," गोदाबाई म्हणाल्या. "नाही ठाऊक."

त्रिपुरसुंदरी थोड्या पुढे वाकल्या. त्यांना बहुधा अजून आशा होती, एखाद्या जुन्या घराची काही आठवण निघेल अशी. "तंजावरचं मराठी घर तुमचं. घरात कोणाला येत असेल? वडिलांना?"

"नाही," गोदाबाई म्हणाल्या. मग वाटलं, एवढ्यानं पुरायचं नाही. "अप्पा साधे कारकून होते. त्यांना येत नव्हती."

"अरेरे," त्रिपुरसुंदरी म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "आपल्याच पूर्वजांची लिपी, अम्मा. एवढं तरी माहीत असायला हवं माणसाला. जमलं तर वाचा कधी तिच्याविषयी."

"होय, अम्मा."

राजगोपालनं इतिवृत्तात लिहिलं: लेखनिकास विषयाचे ज्ञान नाही, आक्षेप फेटाळला, निकाल उद्या जाहीर करावा. कागद फिरवून त्यानं गोदाबाईंपुढे ठेवला आणि कुठं सही करायची तिथं बोट दाखवलं. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. सही केली. राजगोपाल उठून उभा राहिला, त्यानं दार उघडून धरलं आणि म्हणाला, "एप्रिलच्या पेपरांना तुम्हीच या, अम्मा."

बाहेर दोघी बाकावरून उठल्या.

"झालं," गोदाबाईंनी कीर्तनाला सांगितलं. "निकाल उद्या. काही रद्द नाही."

कीर्तनानं चाचपडत त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि हसत, रडत, वडिलांना आत्ताच्या आत्ता फोन करायला हवा म्हणाली. स्वरदा मोबाईल काढून नंबर लावू लागली. मग कीर्तनाला काय वाटलं कोण जाणे, ती थांबली.

"त्यांनी विचारलं काय, अम्मा?"

"मोडी म्हणजे काय."

"मग तर सोपं..." असं म्हणता म्हणता कीर्तना गप्प झाली. शेवटच्या सत्रापर्यंत आलेली मुलगी ती, दोन अधिक दोन करायला तिला वेळ लागला नाही. तिचे हात गोदाबाईंच्या खांद्यांवरच राहिले. "तुम्ही नाही म्हणालात," ती हळूच म्हणाली.

गोदाबाई बाकावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. मग त्या बोलल्या ते तमिळमध्ये नाही, मराठीत, आणि त्या दोघींपैकी कोणाला उद्देशून असंही नाही.

"अप्पांस येत नव्हती म्हणालें," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडानें म्हणालें."

आणि त्या रडू लागल्या. कोणी येतंय जातंय याची पर्वा न करता, मोठ्यानं. स्वरदाच्या हातातल्या फोनवर कीर्तनाचे वडील कारखान्याच्या आवाजातून हॅलो, हॅलो म्हणत होते, आणि ती आनंदाची बातमी त्यांना अजून द्यायचीच होती.